कुणाच्या दारापुढे

कंपास सरांनी रस्त्यावर गुडघे टेकले आणि खडूची रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढली. मागे उभ्या असलेल्यांपैकी दोघांनी गाड्या थांबवायला हात वर केले. त्या वेळी एकही गाडी येत नव्हती. पण हात वर करून उभं राहण्यात एक समाधान असतं, ते त्या दोघांनी पुरेपूर घेतलं.

"शाळेच्या फाटकाच्या अगदी अलीकडे," सर पँट झटकत म्हणाले. "गतिरोधक इथे. बोला, कुणाला शंका?"

सरांनी आयुष्यभर भूमिती शिकवली होती आणि विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव गल्लीनेही उचललं होतं, अर्थात त्यांच्या पाठीमागे. शंका कुणालाच नव्हती. वर्षभर सगळी गल्ली एका सुरात हेच मागत होती. मोर्चा निघाला, पालिकेच्या पायऱ्यांवर बैठक मारून झाली, आणि दर वेळी काचवाल्याच्या बायकोला पुढच्या रांगेत बसवलं गेलं. तिची आठ वर्षांची मुलगी याच फाटकासमोर, शाळा सुटताना, गाडीखाली गेली होती. लोकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, फोटो काढणारे आले की तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या दुःखाचा वाटा उचलायला कुणी मागे राहिलं नव्हतं. खांद्यावर घेता येण्याजोगाच होता तो, तोपर्यंत.

"एक सांगायचं राहिलं," पालिकेचा तरुण अभियंता कागद चाळत म्हणाला. "ज्या घरापुढे येईल, त्या घराची लेखी संमती लागते. नंतर तक्रारी नकोत आम्हाला."

फाटकाशेजारी बेकरी होती. मोर्चात घोषणा द्यायचा मान बेकरीवाल्याचा, कारण इतका मोठा आवाज दुसऱ्या कुणाला नव्हता. आता तो आवाज बराच खाली आला.

"माझी ना नाहीच. पण भट्टीत केक असतो हो. बाहेर ट्रक धाडकन आदळला की केक मधोमध बसतो. खड्डा पडलेला केक कोण घेणार?"

"मग जरा अलीकडे घेऊ," सर म्हणाले. रेघ बुटाने पुसून ते पुढच्या घरापाशी पुन्हा गुडघ्यांवर बसले.

ते घर बँकेतल्या वहिनींचं. "माझा पूर्ण पाठिंबा आहे, सगळ्यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण सासरे अंथरुणाला खिळलेत. जरा खुट्ट झालं की जागे होतात, आणि जागे झाले की घरात दुसऱ्या कुणाचं नाव त्यांना आठवत नाही, माझं सोडून."

त्याच्या पुढचं घर नवं होतं. मालकाने आपल्या भिंतीवरून असा हात फिरवला, जणू तिला तापच भरला होता. "हादरे बसून तडे जातील."

"का? बांधकाम कच्चं आहे का?" बेकरीवाल्याने विचारलं.

"कच्चा असेल तुमचा केक!"

लोक हसले. हसता हसता रेघ आणखी एका दारापुढून सरकली. सरांच्या पँटचे गुडघे पांढरे झाले होते. कुणीही विरोध करत नव्हतं. जो तो आपल्या अडचणीचं वाईट वाटून घेत होता, आणि रेघ फाटकापासून मोठ्या रस्त्याच्या वळणाकडे, काचवाल्याच्या घराकडे निघाली होती. तिथे सरांनी पुन्हा रेघ ओढली.

अभियंत्याने वळणाकडे पाहिलं, मग फाटकाकडे. "इथे चालेल. उलट बरंच. मोठ्या रस्त्यावरून वळलेली गाडी इथेच वेग घेते. इथे अडली की फाटकापर्यंत पुन्हा तेवढा वेग येत नाही."

"मी केव्हाचा हेच म्हणतोय," बेकरीवाला म्हणाला.

काचवाला आपल्या पायरीवर उभा होता. चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायचा. गल्लीत बोलण्याचं काम सहसा इतरांवर सोडायचा. बँकेतल्या वहिनी त्याच्याजवळ गेल्या.

"आणि भाऊ, तुमच्याच दारापुढे झाला तर ते शोभूनही दिसेल." शब्द तोंडातून गेला आणि त्यांनी ओठ आवळले. "म्हणजे, तसं नाही. तुमचं मन आम्हाला कळतं."

"नाही," काचवाला म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"आमच्या दारापुढे नको."

सरांच्या हातातला खडू खाली पडला. त्यांनी तो उचललाही नाही.

अपघाताच्या दिवशी त्याची बायको या पायरीमागच्याच खोलीत मशीनवर शिवत बसली होती. पोर गेल्याचं तिला कुणी येऊन सांगितलं ते नंतर. आधी तिने ब्रेक ऐकला होता, लांबलचक, करकरत गेलेला. तेव्हापासून कुठेही कुणी ब्रेक मारला की तिचा हात थांबायचा. चाकावरचा तळवा तसाच राहायचा, कापड सुईखाली अडकून पडायचं, आणि त्या आवाजानंतर जे ऐकू यायचं त्याची ती वाट बघत बसायची. हे तिने फक्त नवऱ्याला सांगितलं होतं, तेही एकदाच. ते गल्लीपुढे मांडणं त्याच्या हक्कात बसत नव्हतं.

"अहो, तुम्हालाच नको?" नव्या घराचा मालक म्हणाला. "मग आम्ही वर्षभर उन्हात कशासाठी बसलो?"

"घरात शिवणकाम चालतं," काचवाला आपल्या बोटांकडे बघत म्हणाला. "त्रास होईल."

"बसला तर केक बसेल. शिवण काय बसते?" बेकरीवाला बोलून गेला. एक-दोघे हसले, आणि हसल्याबरोबर गप्प झाले, कारण ती दारात येऊन उभी होती. गळ्यात मापाची टेप, ओठांत एक टाचणी. टाचणी काढून तिने ती पदराला टोचली.

"कुठे सही करायची?"

"अगं, तू आत जा. मी बोलतोय ना."

"ऐकलं मी." ती अभियंत्याकडे वळली. "इथे केला तर फाटकापाशी गाड्या हळू येतील, हे नक्की?"

"नक्की."

"मग द्या इकडे. शाळा सुटायची वेळ झाली. सगळे असे रस्त्यात उभे राहिलात तर पोरांनी जायचं कुठून?"

दाराच्या चौकटीवर कागद टेकवून तिने सही केली. काचवाल्याने तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्याने ते मिटलं.

गतिरोधक झाला. पिवळे पट्टे ओढले गेले. त्या दिवशी बेकरीवाल्याने मोठा केक आणला, मधोमध अगदी सपाट, आणि आपणच कापून सगळ्यांना वाटला. सर प्रत्येकाला उंची आणि उतार समजावून सांगत होते. बँकेतल्या वहिनींनी तिचे दोन्ही हात धरले आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. मग सगळे आपापल्या घरी गेले, आणि गतिरोधक तिथे राहिला.

सकाळी पहिली गाडी वळली तेव्हापासून ते सुरू झालं. वेगात वळायचं, पिवळे पट्टे दिसले की करकचून ब्रेक, मग धाडधाड. तिने मशीन फिरवून खिडकीकडे पाठ केली. काचवाला दुपारी जेवायला यायचा तेव्हा घास हातात धरून तिच्या पाठीकडे बघत राहायचा. ब्रेक वाजला की पाठ ताठ व्हायची. मग सैल पडायची, आणि मशीन पुन्हा चालू व्हायचं. शाळेचे गणवेश शिवायला घेणं तिने कधीच बंद केलं होतं, आता फक्त पडदे शिवायची. पण पडद्यांच्या लांब सरळ शिवणीही वाकड्या येऊ लागल्या. ती निमूटपणे उसवायची.

"मागच्या खोलीत नेऊ या मशीन," तो म्हणाला.

"तिथे उजेड कुठे आहे? सुईत दोरा तुम्ही ओवून देणार का?"

"देईन की."

"मग दुकानात काचा कोण घासणार? बसा. जेवा."

एका सुट्टीच्या दिवशी तो तिच्या बाजूला बसून पडद्याची शिवण उसवत होता. तिने अचानक मशीन न थांबवताच मान वर केली.

"ऐका आता."

त्याने कान दिला. वळणावरून एक गाडी येत होती, इतकी सावकाश की इंजिनाची नुसती गुरगुर कळत होती. ब्रेक वाजलाच नाही. पुढची चाकं हलकेच वर चढून उतरली, मग मागची.

"काय ऐकू?"

"तेच. काहीच नाही ना?" ती शिवतच होती. "रोज या वेळेला येतो. बाकीचे अगदी तोंडाशी येऊन ब्रेक मारतात. हा एकटा वळणापासूनच हळू येतो. हा जाईपर्यंत माझा हात एकदाही थांबत नाही. बघा, तेवढी शिवण कशी सरळ आली."

तिच्या चेहऱ्यावर हसू म्हणण्याइतकं काही नव्हतं, पण बऱ्याच दिवसांत तिथे जे नव्हतं ते होतं. तो उठून खिडकीशी गेला.

मालाचा राखाडी टेम्पो होता. चालवणारा स्टिअरिंगवर छाती टेकेल इतका पुढे वाकला होता, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून. घराकडे त्याने पाहिलं नाही. मान अशी वळवून ठेवली होती की पाहायचं नाही हे ठरवूनच आला असावा. रस्ता मोकळा होता, फाटक बंद होतं, तरी फाटकापाशी टेम्पो आणखी हळू झाला.

ती मान काचवाल्याने ओळखली. कोर्टात मुलीच्या खटल्याच्या प्रत्येक तारखेला तो या मानेच्या मागच्या बाकावर बसला होता. बायको एकदाही आली नव्हती. मूल अचानक धावत आलं, असं शेवटी ठरलं, आणि त्या माणसाला घरी जाऊ दिलं गेलं. त्याची रोजची वाट तीच होती. टेम्पोच्या मालकाने दुसरी दिली नव्हती, किंवा यानेच मागितली नव्हती.

"कोण आहे हो? कुणी म्हातारा आहे का?"

टेम्पो दिसेनासा होईपर्यंत तो खिडकीचा गज धरून उभा राहिला.

"नीट दिसलं नाही."

"असेल कुणी भला माणूस. उन्हाचा येतो बिचारा. एकदा थांबवून पाणी तरी विचारा त्याला."

तो येऊन तिच्या बाजूला बसला. तिने पुढे सरकवलेलं कापड त्याने मांडीवर ओढून घेतलं.

"विचारतो," तो म्हणाला, आणि ती सरळ आलेली शिवण उसवू लागला.