रंभाचा निरोप

दिव्यानीने तिसऱ्यांदा घंटा वाजवली, तरी एकही पोर आलं नाही. हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवून ती बालकेंद्राच्या दारात येऊन उभी राहिली. सगळी पोरं समोर रंभाच्या अंगणात जमली होती. मधोमध इल्से उकिडवी बसून सूप घोळवत होती. कोंड्याबरोबर तांदूळही उडत होते आणि दर खेपेला पोरं खिदळत होती. इल्सेही हसत होती. नववा महिना लागलेली रंभा तिच्या शेजारी टेकली होती आणि तिचं मनगट धरून सूप कसं झटकायचं ते दाखवत होती.

गेल्या चार वर्षांत कोणी आपलं मनगट असं धरल्याचं दिव्यानीला आठवेना.

भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेली दिव्यानी एका संस्थेचं बालकेंद्र चालवायला भामरागडच्या पुढच्या या गावात आली होती. पावसाळ्यात नदी रस्ता अडवायची, तेव्हाही ती इथेच राहायची. पोरांना वाचायला शिकवायची, बायकांचे कागद भरून द्यायची. गोंडी तिला समजायची. पण पहिल्याच वर्षी तिच्या एका वाक्यावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि तिने ती बोलणं सोडून दिलं.

इल्से बेल्जियमची. भारत फिरायला निघालेली. मध्येच कुठल्यातरी गावात महिनाभर काम करावं म्हणून संस्थेकडे आलेली. तो महिना आता संपला होता, उद्या ती निघणार होती. येर म्हणजे पाणी, एवढा एकच शब्द शिकून ती पहिल्या दिवशी दारोदार फिरली. तिच्या उच्चारावर सगळं गाव हसलं. ती सगळ्यांहून जास्त हसली. तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी घराघरांतून उकडलेले कंद येऊ लागले. दिव्यानीला कोणी काही कमी केलं होतं असं नाही. पण तिच्याकडे जे यायचं ते कामासोबत यायचं.

“मॅडम, इकडे या ना!” रंभाने हाक मारली.

दिव्यानी गेली.

“तिले इचारा,” रंभा हळूच म्हणाली. एक हात तिने पोटावर ठेवला होता. “आठ-दहा दिवस आखीन थांबन का म्हना. ती संगं असन तं मी येतो दवाखान्यात.”

दिव्यानी तिच्याकडे बघतच राहिली. रंभाचं पहिलं बाळ घरीच गेलं होतं. या खेपेला तालुक्याच्या दवाखान्यात चल, म्हणून दिव्यानी पाच महिने तिच्या मागे लागली होती. समजावलं, रागावली, तिचा नवरा दसरू याच्याशी भांडली. रंभा दर वेळी मान खाली घालून ‘पाहू’ म्हणायची. आणि जिला धड सूप धरता येत नव्हतं, तिच्यासाठी ती आज तयार होती.

इल्से वर बघत होती. “काय म्हणते ती?” तिने इंग्रजीत विचारलं.

“तुझे आभार मानते,” दिव्यानी म्हणाली. “नीट घरी जा म्हणते.”

इल्सेने रंभाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हात जोडून मान लववली.

“तिचं तिकीट काढेल हाय,” दिव्यानीने रंभाला सांगितलं. “थांबता येत नाई म्हणते.”

“बरं,” रंभा म्हणाली आणि सूप स्वतःच्या हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं इल्सेला गावाच्या शिवेपर्यंत पोचवून रडत परतली. पुढचा एस.टी.चा थांबा दोन कोसांवर. दिव्यानी तिची एक पिशवी घेऊन सोबत चालत होती. रंभा दारात आली नव्हती. लाकडाच्या फोडी अंगणात रचत असलेल्या दसरूने नुसता जोहार केला होता.

थांब्यावर दोघी दगडावर बसल्या. बसचा पत्ता नव्हता. दिव्यानी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

“काल मी तुला खोटं सांगितलं,” ती एकदम म्हणाली. “तू थांबावंस असं ती म्हणत होती. तू सोबत असशील तर दवाखान्यात येईन म्हणाली.”

इल्से ओरडेल, निदान उठून उभी राहील, असं तिला वाटलं होतं. इल्सेने फक्त बुटावरची माती झटकली.

“मला कळलं होतं,” ती म्हणाली. “आभार मानताना कोणी पोटावर हात ठेवत नाही.”

“मग तू विचारलं का नाहीस?”

“मला भीती वाटली.” इल्सेचा आवाज बारीक झाला होता. “तिचं पहिलं बाळ गेलं, हे तूच मला सांगितलं होतंस. पुन्हा तसंच झालं तर? ते मला बघायचं नव्हतं. तू म्हणालीस, घरी जा. मला ते बरं वाटलं.”

वळणावर बस दिसली तेव्हा इल्सेने विचारलं, “तिला काय सांगशील?”

“माझं मी सांगेन. तुझं तुझ्यापाशी राहू दे.”

इल्सेने तिला मिठी मारली. दिव्यानीने मारू दिली.

परतल्यावर दिव्यानी केंद्राकडे न जाता सरळ रंभाच्या घरी गेली. रंभा भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. पावलं सुजली होती.

“तिनं नाई म्हटलं नव्हतं,” दिव्यानी उभ्याउभ्याच म्हणाली. “मीच तिले तुमचं बोलणं उलटं सांगितलं.”

रंभाने वर पाहिलं. “काऊन?”

“मले राग आला होता.”

“तिचा?”

“तिचा. तुमचाई. मी पाच महिने म्हणून राह्यली होती, रंभाबाई.”

रंभाने पाय जरा जवळ ओढले. सुजलेल्या पावलांकडे बघत ती बोलली.

“पयल्या खेपेले मी लय आरडलो, मॅडम. आंगावर कपडा नोयता. सासूले शिव्या देल्या. साऱ्या गावानं आयकलं. ती पोरगी काय, पाहीन आन् निंगून जाईन. तुमी इथीच राह्यता. रोज तुमाले तोंड दाखवा लागते मले.”

दिव्यानी खाली बसली.

“तुमी रागावता बी,” रंभा म्हणाली.

“हो.”

नऊ दिवसांनी, भर दुपारी, दसरू केंद्राच्या दारात धापा टाकत उभा राहिला. पाढे म्हणणारी पोरं थांबली. दिव्यानीने पायात चपला सरकवल्या. जीप कोणाची, किती वेळात येईल, हे ती विचारत होती. तोवर रंभा स्वतःच अंगणातून हळूहळू चालत येताना दिसली. हातात कपड्यांचं गाठोडं होतं. तिने ते दिव्यानीच्या हाती दिलं आणि जीप येताच आत चढली.

दवाखान्यात नर्सने सोबतीला एकीलाच आत यायला सांगितलं. रंभाने दिव्यानीची ओढणी धरली होती, ती सोडली नाही. आत गेल्यावर मात्र कळ ओसरताच ती दात आवळत म्हणाली, “तिकडं तोंड करा.”

दिव्यानीने खाटेकडे पाठ केली आणि एक हात मागे धरला. रंभाने तो मनगटाला पकडला. नखं रुतली. रंभा ओरडली, गोंडीत शिव्या देऊ लागली. सासूला, दसरूला, मग दिव्यानीलाही. दिव्यानीला त्यातला शब्दन् शब्द समजत होता. समोरच्या भिंतीचा निळा रंग एका ठिकाणी सोलला होता, तिथेच तिने नजर लावली. नर्स कोणालातरी हाक मारत होती, भांडी वाजत होती. मग एकदम सगळं थांबल्यासारखं झालं, आणि त्या शांततेत बारीक, चिडका आवाज फुटला.

दिव्यानी तरीही वळली नाही.

मनगटावरची पकड सैल झाली, पण सुटली नाही.

“मॅडम,” मागून रंभा म्हणाली, “पाहा आता.”