गाडी खाली हाये

भांडन लागलं ते गाडीत कोन कुठी बसते ह्यावरून, अन् ते लावलं माह्या विहीनबाईनं. हे मी तिच्या तोंडावरही सांगीन.

तुमाले तं माईतच हाये, माही शिल्पा भोपालले देली. जावई अभिजीतराव सरकारी हापिसात हायेत, घर साकेत नगरात. दर उन्हायात माही पंधरा दिवसाची एक चक्कर असते. मी गेली का ते लोकं सुट्टीच्या दिवशी लेकरं घेऊन सकायी निंगतात, कुठी तलाव पाय, कुठी देऊय पाय, अन् संध्याकायी घरी. औंदा ठरलं का काकाच्या वावरात जायचं. काका म्हंजे दत्तात्रयकाका, विहीनबाईचे दीर. सारी जिंदगी पिपलानीच्या कारखान्यात काढली अन् रिटायर झाल्यावर मानसानं रायसेनच्या रस्त्यानं आत एका खेड्यात चार एकर वावर घेतलं. तठीच राहतात.

गाडी भाड्यानं आनली सात जनाची, अन् मानसं ड्रायवर धरून धा. मी, शिल्पा, जावई, विहीनबाई अलकाताई, जावयाची बहीन मंजूषा, तिचे दोन पोट्टे, अन् आपले दोघं, शर्वरी धा वर्साची, यश चार वर्साचा. अलकाताई गॉगल लावून उभी होती. म्हने, "इंदूताई, तुम्ही मागे बसा मुलांबरोबर. तुम्हाला सवय आहे."

"कायची सवय?"

"बैलगाडीची हो."

"बैलगाडीत मी म्होरं बसत होती, विहीनबाई. कासरा माह्या हातात राहे."

ड्रायवर हसला. त्याले मराठी समजत नव्हतं, पन दोन विहिनी भांडत हायेत हे कोनालेही समजते. शेवटी शिल्पा मधात पडली, मले खिडकीजवय बसवलं अन् यशले माह्या मांडीवर देलं. रस्ताभर अलकाताई माह्या हिंदीची टिंगल करत होती. मले बजारापुरतं हिंदी येते. कितने का, नई परवडता, पानी देव. त्याच्या म्होरं गेलं का माहं अडते. ते काई मी लपवत नाई.

काकाचं घर टेकाडावर. वर जाचा रस्ता निस्ता गोट्याचा, गाडी चढत नाई. म्हून ड्रायवरनं, रामभरोस त्याचं नाव, गाडी खालीच सडकेच्या कडेले मोहाच्या झाडाच्या सावलीत लावली अन् आमी डबे-थैल्या घेऊन वर चढलो.

वावर पायलं तं मले घरी आल्यावानी वाटलं. आपल्यासारखीच कायी जमीन. गहू कापून झाला होता अन् जमीन अशी उलली होती का भेगात मनगटापर्यंत हात जाईन. काका माह्या मांगंमांगं. "ताई, तुम्ही शेतीतल्या. इथे तूर घेऊ का? हे लोक म्हणतात चणाच घ्या." मी ढेकूल हातात घेऊन फोडलं, सांगितलं का पानी थांबते इथी, तूर उभी जळून जाईन. अलकाताई सावलीतून पायत होती. तिले ते काई आवडलं नाई.

दुपारी दाल-बाफले झाले. कनकेचे उकडून भाजलेले गोये, वरतून तूप, वरतून आमरस. जेवन असं अंगावर आलं का बाया पडवीत आडव्या झाल्या. रामभरोस घरामांगं बाजीवर जाऊन झोपला. जावई अन् काका बोरवरची मोटर पायत होते. लेकरं लपाछपी खेयत होते. पत्रे तापून तडतड वाजत होते. माहाही डोया लागला, हे खरं हाये. ते मी सवताले माफ नाई करत.

शर्वरीनं माहा पाय हालवून उठवलं. पोट्टी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, जमीन इतकी तापली होती.

"आजी, यश मिळतच नाहीये. मी सगळीकडे देख लिया."

"असन कुठी. दारामांगं पाय."

"पाहिलं. मी तीन वेळा जोरात म्हटलं, मी हरले, निकल आ. तरी नाही येत."

मी उठली. तेव्हा मले भेव नव्हतं वाटलं. चार वर्साचं पोट्टं, लपलं असन, झोपलं असन. घरात पायलं, कोठीत पायलं, बाजीखाली पायलं. मंजूषाच्या पोट्ट्याईले इचारलं, त्याईनं त्याले लपाले गेल्यावर पायलंच नव्हतं. मंग मले भुशाचा ढीग दिसला. गव्हाचा भुसा, मानसाच्या डोक्याइतका उंच, अन् एका बाजूनं घसरलेला. भुशाखाली दबलेलं लेकरू आवाज देऊ शकत नाई. मी दोन हातानं भुसा उपसाले लागली. मले पाहून शिल्पा आली, मंजूषा आली, नाकातोंडात भुसा जाऊन राहिला होता. ढीग उपसला. खाली जमीन लागली.

तेव्हा काका म्हनले, एकदम हयू, "कुआँ पाहिला का?"

घराच्या उजवीकडे वीस पावलावर विहीर. जुनी, कठडा नाई. उन्हायातही तिले पानी होतं, हिरवं, खोल. शिल्पा त्या काठावर जाऊन पडलीच. "यश, बाप्पा, ओ दे ना रे," म्हने. बारा वर्स भोपालमधी राहून तिची बोली पुसून गेली होती, अन् त्या दिवशी ती आपल्या गावाच्या बोलीत रडली. तिचा आवाज विहिरीत जाऊन परत येत होता. मी तिचे पाय धरून बसली, नाई तं तीही गेली असती.

जावयानं कमरेले दोर बांधला. काकानं बादली काढाचा लोखंडी आकडा आनला अन् तो पान्यात सोडला. लोकहो, तुमच्यापैकी कोनी तो आकडा फिरतानी पायला असन तं तुमाले माईत हाये. मानूस देवाले म्हनते का काई लागू देऊ नको, अन् हेही म्हनते का लागाचंच असन तं लवकर लागू दे. आकडा फिरला. एकडाव, दोनडाव. मंग अडकला. काकाचे हात थांबले. त्याईनं वर पायलं नाई, हयूहयू ओढत राहिले. काईतरी जड वर येऊन राहिलं होतं, पान्याच्या खाली मले फिक्कं काईतरी दिसलं, अन् अलकाताईनं माहा दंड असा धरला का तिचे नखं रुतले. वर आलं ते युरियाचं जुनं पोतं, चिखलागायानं भरलेलं.

कोनाले बरं वाटलं नाई. आकडा परत पान्यात गेला अन् जावई दोराले धरून आत उतराले लागले.

मले ते पाहवत नव्हतं. मी तोंड फिरवलं, तं घरामांगून रामभरोस डोये चोयत पयत येऊन राहिला होता. गोंगाटानं उठला असन. मले कायचं सुचलं कोन जाने, मी इचारलं, "भैया, गाडी? गाडी में देखा?"

तो म्हनला, "अम्मा, गाड़ी तो खाली है।"

हे साऱ्याईनं आयकलं. काकानं आयकलं, अलकाताईनं आयकलं, दोरावर लटकलेल्या जावयानंही आयकलं. अन् सारे परत विहिरीकडे वयले. रामभरोसही दोर धराले गेला.

अन् मले असा राग आला. अरे मानसा, गाडी खाली हाये हे काय मले माईत नाई? मीच तं तठून चढून आली. खाली हाये तं जा ना खाली, पाहून ये. तुहे जवान पाय हायेत. म्हातारीले सांगते गाडी खाली हाये, अन् सवता दोर धरते. ठीक हाये, म्हनलं, मीच जातो.

अन् मी निंगाली. पायात चप्पल नव्हती. गोटे असे तापले होते का पाय ठेवला का उचलावा लागे. दोनदा पडली. मांगं शिल्पाचा आवाज येत होता, अन् मी म्हनत होती, इंदे, तू काऊन चालली, पोरीले सोडून? लेकरू विहिरीत हाये अन् तू गाडी पायाले चालली. अर्ध्यात मी थांबलीही. परत फिराव का, असं झालं. पन उतारावर मानूस खालीच जाते.

मोहाची सावली सरकून गेली होती. गाडी भर उन्हात उभी. काचा काया, आत काई दिसे ना. कान लावला, आवाज नाई. मांगच्या दाराले हात लावला तं चटका बसला. पदर गुंडायून ओढलं. दार उघडलं. रामभरोसनं कुलूप लावलंच नव्हतं, खेड्यात कोन येते म्हून.

आतून वाफ तोंडावर आली. भट्टीचं तोंड उघडल्यावानी. सर्वात मांगं, सीटाच्या अन् थैल्याईच्या मधात, सतरंजी अंगावर घेऊन यश पडला होता. चांगला लपला होता. तोंड लालबुंद, अंग कोरडं, घामाचा थेंब नाई. डोये अर्धे उघडे अन् त्याईत मी नव्हती. त्या दाराले लेकरासाठी खटका असते म्हने, बाहेरून उघडते, आतून नाई. हे मले मांगून समजलं. काचेवर त्याच्या हाताचे ठसे होते. ते मी तेव्हाच पायले, अन् आजही डोये मिटले का मले तेच दिसतात.

मी त्याले ओढून काहाडलं. सडकेच्या पल्याड म्हशीईचं टाकं होतं, शेवायलेलं, अर्धं भरलेलं. त्यात त्याले गळ्यापर्यंत बसवलं अन् मीही आत उतरली. पदर भिजवून त्याच्या डोक्यावर पानी सोडत राहिली. "यश, ओ दे. आजी हाये." वर हाक माराले गेली तं माह्या गळ्यातून आवाज निंगे ना. असं माह्या जिंदगीत कधी झालं नाई, तुमाले माहा आवाज माईत हाये. किती टाइम गेला सांगता येत नाई. मंग त्याचं पोट हाललं, तो माह्या अंगावर ओकला, अन् रडला. तो रडला तेव्हा माहा आवाज सुटला. वरतून सारे पयत आले.

त्याच गाडीत घालून, काचा उघड्या टाकून त्याले साकेत नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. डॉक्टरीनबाई म्हनली, टाइमावर आनलं, अजून थोडं उशिरा आनलं असतं तं... अन् ती फाईलवर लिहाले लागली.

रात पडाच्या आधी यशनं पानी मांगतलं. तेव्हा आमी बाया बाकड्यावर बसलो. अलकाताई माह्या बाजूले आली. तिचा गॉगल कुठी पडला होता तिले माईत नव्हतं. म्हने, "इंदूताई, तुम्हाला गाडीचं कसं सुचलं हो? कोणालाच नाही सुचलं."

"मले कायचं सुचते? ड्रायवरच म्हनला ना, गाडी खाली हाये. म्हून मी खाली गेली. माहं तं त्याच्यासंग भांडनच हाये, सवता काऊन गेला नाई म्हून."

अलकाताई माह्या तोंडाकडे पायत राहिली. शिल्पानं दोन्ही हातानं तोंड झाकलं.

"आई," शिल्पा म्हनली, "खाली म्हणजे रिकामी. तो म्हणत होता गाडी रिकामी आहे. आत कोणी नाही."

मले समजाले टाइम लागला. जावई भिंतीले टेकून उभे होते, हात दोरानं सोललेले. ते म्हनले, "मी पण ऐकलं होतं, आई. खाली है म्हटल्यावर मी गाडीचा विचारच सोडून दिला."

मी भुसा उपसला, गोट्यावरून पयाली, टाक्यात उतरली, तेव्हा नाई भेली. तठी त्या बाकड्यावर भेली. मले हिंदी चांगलं आलं असतं तं मीही वयून विहिरीकडे पायलं असतं. सारेच हुशार तठी उभे राहिले असते अन् आकडा फिरत राहिला असता. अलकाताईनं माहा हात धरला अन् ती रडाले लागली.

रामभरोस गेटाजवय खाली बसला होता. त्याले दोन थापडा माराच्या म्हून मी गेली होती. मले पाहून तो उठला, हात जोडले. "अम्मा, मैंने देखा नहीं था। नींद में बोल दिया।" तेवढं हिंदी मले समजलं. माहा हात उचलला नाई.

यश आठ दिवसात उड्या माराले लागला. मंग मी परत आली. अभिजीतराव हबीबगंजच्या टेसनावर सोडाले आले, आता त्याचं नाव बदललं पन सारे तेच म्हंतात. गाडीत गर्दी होती. एक भला मानूस सरकला अन् समोरच्या सीटाकडे हात करून म्हनला, "बैठ जाओ अम्मा, ये सीट खाली है।"

आता मले माईत हाये खाली म्हंजे काय. तरी मी थैली ठेवली, गुडघ्यावर बसली, सीटाखाली वाकून पायलं, अंधारात हात घालून चाचपलं. तो मानूस म्हने, "कुछ गिर गया क्या?" मी त्याले नाई म्हनलं. मंग बसली.