निळ्या फुलांचं बी

बंद पडलेल्या खाणीचा उतार पुन्हा हिरवा करायचा, म्हणून कॉलेजची दहा-बारा मुलं दर रविवारी शेजारच्या टेकडीवर रानझाडांचं बी गोळा करायची. त्यांत दोघी सख्ख्या बहिणी होत्या. थोरली गटाची प्रमुख. धाकटी खिसे भरभरून बी आणायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणायचे.

एका रविवारी निळ्या फुलांच्या झुडपांवरच्या शेंगा वाळल्या होत्या. अख्ख्या टेकडीवर अशी झुडपं जेमतेम तीस. बी सांभाळायचं काम खारूताईकडे होतं. कागदी पाकिटं संपली, तेव्हा तिने ते सरळ प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं, गाठ मारली आणि घरी कपाटात टाकून दिलं.

आठवड्याने गाठ सोडली, तर कुबट वास. बियांवर पांढरी बुरशी. ती पिशवी घेऊन तशीच बाहेर आली. थोरली बाल्कनीत कपडे वाळत घालत होती.

"ताई, माती खाल्ली मी," म्हणत तिने पिशवी पुढे केली.

थोरलीने बी चाळवून पाहिलं. मूठभरही धड नव्हतं. "पाकिटं मागायची होतीस गं माझ्याकडे."

"आत्ता जाऊन परत आणते. आहेत अजून शेंगा."

"त्या नाही तोडायच्या. तिसरा हिस्सा घ्यायचा ठरलंय, तो आपण घेतला."

"कुणाला कळणार आहे?"

"पुढच्या वर्षी झुडपं कमी उगवली की कळेलच."

खारूताईला रडू आलं. मग तोंड धुऊन, मोबाईलमध्ये झुडपाचा फोटो घेऊन ती टेकडीखालच्या घरांची दारं ठोठावत निघाली. कुणी मान हलवली, कुणी दार लावून घेतलं. सातव्या फाटकापाशी एक निवृत्त वायरमन कोयता घेऊन कुंपण साफ करत होते. कुंपणाला तीच झुडपं, शेंगांनी लगडलेली.

"काका, थांबा! ही तुम्ही लावलीत?"

"छे! टेकडीवरून आपोआप आलंय हे तण. बायको वर्षभर मागे लागलीय, आज कुठे मुहूर्त लागला."

"अर्धा तास द्या मला."

"तास घे की. कोयता काही पळून जात नाही."

तिने फोन केला तशी थोरली सायकलवरून पाकिटं घेऊन आली. काकाही चष्मा लावून शेंगा खुडू लागले. "फाटकाजवळची दोन ठेवू या," ते हळूच म्हणाले. "बायकोला मी समजावतो."

"मला ऐकू येतंय हं!" खिडकीतून आवाज आला. "दोनच!"

पुढचे चार दिवस घरचं जेवणाचं टेबल वर्तमानपत्रांवर पसरलेल्या बियांनी अडवलं. सगळे मांडीवर ताटं घेऊन जेवले. पंखा लावायची सोय नाही म्हणून बाबा कुरकुरले. खारूताई मात्र रोज सकाळी बोटांनी बी हलकेच वर-खाली करत बसायची.