दर्ग्यामागची भट्टी

रविवारी सकाळी साडेदहा वाजता रोखाया फेस शहराच्या जुन्या भागात तिसऱ्यांदा त्याच बंद गल्लीच्या टोकाशी येऊन थांबली. समोर भिंत, भिंतीवर मांजर. मांजराने या वेळी मान वर करण्याचीही तसदी घेतली नाही.

फोन पिशवीच्या तळाशी होता. तो काढायचा नाही आणि कुणाला वाट विचारायची नाही, हे तिनेच ठरवलं होतं. शुक्रवारी सेनेगलहून तिची आजी येणार होती, तिजानी पंथाच्या दर्ग्यात माथा टेकायला. आजीची आयुष्यभराची इच्छा. "वाटाड्या कशाला? मी आहे ना," असं रोखाया फोनवर बोलून बसली होती. इथल्या विद्यापीठात येऊन आठ महिने झाले, तरी दर्ग्यापर्यंत दर वेळी तिला कुणीतरी पोचवलं होतं. बहुधा खोलीतली मैत्रीण घिझलान.

"संध्याकाळपर्यंत परतली नाहीस तर पोलिसांना काय सांगू?" घिझलानने सकाळीच विचारलं होतं. "उंच, निळा स्कार्फ, अक्कल थोडी कमी?"

"सांग, दर्ग्यात सापडेल."

रोखाया माघारी वळली. गल्लीच्या तोंडाशी एक दार उघडलं आणि एका म्हातारीने लाकडी फळी बाहेर काढली. फळीवर फडक्याखाली कच्चे पाव.

"उभी काय राहिलीस? धर. दर्ग्यामागची भट्टी. पीठ फुगलंय, रेंगाळू नकोस."

"लाल्ला, पण मी..." रोखायाने इथल्या रीतीने आदराने हाक मारली.

दार लागलंसुद्धा.

रोखायाने फळी डोक्यावर घेतली. गावी ती पाण्याची बादली अशीच आणत असे, हात न लावता. वाऱ्यावर जळत्या लाकडाचा वास होता. ती वासाच्या मागे निघाली. उतारावर समोरून लादलेलं खेचर आलं.

"बालाक! बाजूला हो!" खेचरवाला ओरडला.

"तूच हो! पाव आहेत!"

त्याने फळीकडे पाहिलं आणि मुकाट्याने खेचर भिंतीला लावलं. एरवी "मॅडम, कुठे जायचंय?" म्हणून मागे लागणारे दुकानदार आज पाय आत घेत होते.

भट्टीवाल्याने फडकं उचललं. प्रत्येक पावावर तीन बोटांचे ठसे होते.

"लाल्ला झहूरचे. आज तू होय? तासाभराने ये."

भट्टीला लागूनच हिरव्या कौलांची भिंत होती. रोखाया कोपरा वळली आणि थबकली. समोर दर्ग्याचं दार होतं. चपला काढून ती आत गेली. आजीसाठी दुआ मागायची होती. पण हसूच आवरेना.

तासाभराने भाजलेले पाव घेऊन परतताना ती एकदा चुकली. येताना पाहिलेली खेचराची लीद कुठेच दिसेना, तेव्हा मागे फिरून तिने चढाची वाट धरली.

"उशीर केलास," म्हातारी म्हणाली. गरम पाव मोडून तिने अर्धा रोखायाच्या हातावर ठेवला.

"लाल्ला, मी इथली नाही. माझ्या हाती फळी दिलीत कशी?"

म्हातारीने तिला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं.

"परकी माणसं फोनकडे बघत चालतात. तू भिंतीकडे बघत होतीस. वाटलं, कुणाची तरी नवी सून असेल, रुसून उभी."

"मी वाट चुकले होते."

"मग? पाव भाजून आले ना? पुढच्या रविवारी दहाला ये. पीठ कुणासाठी थांबत नाही."

संध्याकाळी आजीचा फोन आला.

"वाटाड्या बघितलास का गं? उगीच हट्ट नको."

"बघितला, आजी. इथलीच एक मुलगी आहे."

"भरवशाची आहे?"

"पावांची फळी डोक्यावर नेते. हात न लावता."

 पलीकडे आजी खुदकन हसली.

"मान ताठ ठेवते का पण?"

"ठेवते."

शुक्रवारचं विमान रद्द झाल्याचं आजीने फोन ठेवता ठेवता सांगितलं. आता ती रविवारी पहाटे उतरेल. दहाच्या पिठाचं रोखायाने तिला अजून सांगितलेलं नाही.