पोरींच्या पोटाला कुलूप

पहाटेच्या अभ्यासाच्या वेळेत हॉस्टेलातल्या पोरींच्या संडासांना कुलूप लावा, असा हुकूम ज्यानं काढला त्याला मी तोंडावर सांगतो: तू पोरींना डॉक्टर करायला निघालास आणि आधी त्यांनाच पेशंट करून ठेवलंस. तुझं नाव मला ठाऊक नाही. हुकमाखाली नुसता शिक्का आहे. पण मी एक जुना तांब्या आहे. टिचकी मारली की वाजणं हा माझा धर्म, आणि टिचकी तू मारली आहेस.

मित्रांनो, तुम्ही घाबरू नका. हा राग तुमच्यावर नाही.

माझा जन्म तांबटाच्या ठोक्यांखाली झाला. एकेका ठोक्यानं अंगावर एकेक खळी पडत गेली. अजूनही ऊन आलं की त्या खळ्यांत इवले इवले सूर्य येऊन बसतात. लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात सिद्रामप्पांनी मला घेतलं. त्यांचं किराणा दुकान. त्यांच्या बायकोनं, गौरम्मानं, मला चिंच लावून घासलं आणि दिवेलागणीला पाण्यानं भरून ठेवलं. ते पाणी माझ्या पोटात झोपायचं. झोपेत ते परत विहिरीत जायचं, काळ्या मातीतून झिरपायचं, ज्वारीच्या मुळांशी कुजबुजायचं. त्याची स्वप्नं मला पडायची. आपण तांब्या आहोत की तळं, हेच मग कळायचं नाही.

तांबडं फुटलं की गौरम्मा माझ्यातलं पाणी सावकाश प्यायची, मला पुन्हा भरायची आणि हातात घेऊन महादेवाला जायची. महादेवाला पुरी प्रदक्षिणा नसते. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं, ते गोमुख ओलांडायचं नाही. तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं उलट फिरायचं. अशी ती जायची, यायची, जायची, यायची. मला वाटायचं, देऊळच हळूहळू डुलतंय. घरी आली की पोट मोकळं करून मगच चुलीपुढं बसायची. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, दिवसभर उठबस. "ह्या तांब्यानं घर निरोगी ठिवलंय बघा," असं सिद्रामप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मी फुगून जायचो.

मग घरात फिल्टर आला आणि मी फळीवर चढलो. त्यांची लेक मंजुश्री डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लासला निघाली, तेव्हा आईनं मला तिच्या पेटीत घातलं. पोरीला लाज वाटली. हॉस्टेलवर तिनं माझ्या तोंडात पेनं कोंबली. मित्रांनो, तहानलेल्या माणसाच्या शेजारी बसून पेनं सांभाळायची, याच्याएवढी शिक्षा तांब्याला नाही.

तहानलेली म्हणजे खरोखर तहानलेली. अंधारात उठून अभ्यासाला बसायचं, तो संपेतोवर संडास बंद. का, तर पोरी तिथं वेळ घालवतात! कुलूप निघालं की सगळा मजला एकाच रांगेत, आणि क्लासची गाडी खाली भोंगा वाजवतेय. मंजुश्री दाबून धरायची. लागूच नये म्हणून पाणीच कमी प्यायची. टँकरच्या दिवसांतली पोर ती, अर्ध्या ग्लासात भागवायचं तिला लहानपणीच जमलं होतं. दिवसभर बाकावर, रात्री पुस्तकावर. पाय फक्त जिन्यापुरते. तिचं पोट दगड झालं. मैत्रिणींनी चूर्ण दिलं. त्यानं कळा आल्या, आणि चार दिवसांनी पुन्हा दगड. शेवटी टेस्ट चालू असताना ती पोट धरून बाकाखाली वाकली आणि तिला उठताच येईना.

मुरुडहून आईबाप धावत आले. सिद्रामप्पा म्हणाले, "बांध सामान. झेपत न्हाई तर घरी चल. दुकान हाय की."

"अप्पा, मला डॉक्टर व्हायचंय," एवढंच ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून रडली.

गौरम्मा तिला आधी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, थोडं औषध दिलं आणि बजावलं: भरपूर पाणी पी, रोज चाल, आणि लागली की दाबून धरू नकोस. सिद्रामप्पांनी येत्या रविवारपर्यंत मुदत दिली: तोवर बरं वाटलं तर राहायचं, नाहीतर घरी. गौरम्मानं जाता जाता माझ्यातली पेनं खाटेवर ओतली आणि मला घासून भरलं.

"पाणी पिईन गं आई, पण चालू कुठं? गच्चीला बी कुलूप हाय."

"हा व्हरांडा हाय की. महादेवाला पुरी प्रदक्षिणा लागत न्हाई, तुला कशाला लागतीया?"

दुसऱ्या पहाटे मंजुश्री कोमट पाणी प्याली आणि व्हरांड्यात अनवाणी चालू लागली. टोकाच्या जाळीच्या दारापर्यंत जायचं, उलट फिरायचं. नायगावची आरती डोळे चोळत बाहेर आली. "काय करायलीस गं येड्यावानी?"

"प्रदक्षिणा."

"मग हे जाळीचं दार म्हंजे गोमुख का? ओलांडलं की पाप?"

"ओलांडलं की रेक्टर मॅडम."

आरती खिदळली आणि चालायला लागली. मग आणखी पोरी आल्या. कुणी भिंतीला धरून उठाबशा काढायची, कुणी उकिडवं बसायची. मी खिडकीत बसून बघायचो. निळ्या उजेडात त्या पोरी पोरी दिसायच्या नाहीत, पाणी दिसायच्या. कधीपासून तुंबलेलं, आता वाट सापडलेलं पाणी.

पण पोट जागं झालं की तेव्हाच्या तेव्हा जावं लागतं. मंजुश्री रेक्टर मॅडमकडं गेली. "मॅडम, संडास उघडा."

"वरून नियम आलाय गं. माझ्या हातात काय हाय?"

"चावी हाय की, मॅडम."

मॅडमनं हातातल्या चावीकडं बघितलं, मग पोरीकडं. आणि कुलूप काढलं.

मित्रांनो, मी काही जादूचा नाही. स्टीलच्या पेल्यातलं पाणीही तेच काम करतं. पाणी, चालणं, भाकरी-भाजी आणि पोटानं हाक मारली की उठणं, एवढ्यानं पोरीचं पोट हळूहळू सुटलं. ती जेवू लागली, वर्गात बसू लागली, झोपेत हसू लागली. पोटाची लाज धरू नका. दुखत राहिलं तर मोठ्यांना सांगा, दवाखान्यात जा. शरीरही भांडंच आहे, रोज रिकामं करून घासावं लागतं.

काल नवा हुकूम आला. व्हरांड्यात फिरायला बंदी. आणि चावी रेक्टर मॅडमकडून काढून ऑफिसात नेली.

आज पहाटे मंजुश्रीनं मला भरलं, तोंडाला लावलं आणि न पिताच खाली ठेवलं. पुन्हा तेच, दिवसभर अर्ध्या ग्लासात भागवणं. उद्या रविवार. सिद्रामप्पा येतील, पोरीचं तोंड बघतील आणि पेटी उचलतील.

आता बोल, शिक्क्यामागच्या माणसा. तुझ्या घरात संडासाला कुलूप आहे का? तुझी लेक परवानगी मागून जाते का? उद्या उजाडायच्या आत या पोरींना लागली, तर त्यांनी कुठं जायचं? शिक्का नको. तोंडानं उत्तर दे.