पॅसेंजरचा मुहूर्त

आप्पाण्णांच्या गावात घड्याळं नव्हती असं नाही. पाटलांकडं होतं, शाळेत होतं, उपाध्यांच्या मनगटावर तर सोनेरी पट्ट्याचं होतं. पण तिघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही, आणि लग्नाचा मुहूर्त काही भांडणाऱ्या घड्याळांवर सोडता येत नाही. म्हणून गावाची रीत पडली ती अशी: दुपारची मिरज पॅसेंजर चिकोडी रोड स्टेशनात शिरायच्या आधी गावच्या फाटकापाशी शिट्टी देते, त्या शिट्टीवर अक्षता टाकायच्या. गाडी लेट तर मुहूर्तही लेट. त्यापायी कुणाचा संसार बिघडला नव्हता. ज्यांचा बिघडला त्यांची कारणं वेगळी होती.

आप्पाण्णांचा पानमळा होता. त्यांच्या विड्याच्या पानांच्या करंड्या ह्याच पॅसेंजरनं मिरजेला आणि तिथून मुंबईला जायच्या. त्यात लेक शालन हिला बेळगावच्या खासबागेतलं स्थळ आलं. मुलगा भूपाल, रेल्वेत फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारा. मग काय, आप्पाण्णांचे पाय जमिनीला लागेनात. "माझी पानं बी रेल्वेत, जावय बी रेल्वेत," असं ते निपाणीच्या बाजारात ओळख नसलेल्यांनाही थांबवून सांगत.

आणि चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात, लग्न तोंडावर आलं असताना, देशभर रेल्वेचा संप झाला.

अंबुबाईच्या चहाच्या टपरीवर त्या आठवड्यात जेवढी मतं मांडली गेली तेवढी निवडणुकीतही मांडली गेली नसतील. शाळेचे मारुतीराव मास्तर संपाच्या बाजूचे. "माणसं उगंच आपल्याच पोटावर पाय देत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं. भावकू धनगराचं गणित त्याहून सोपं होतं. "माझी शेरडं रुळावर बिनघोर चरत्यात. वरीसभर चालू द्या की!" खुद्द अंबुबाई आधी कुरकुरली, कारण स्टेशनचं गिऱ्हाईक बुडालं होतं. पण संपावर बोलायला येणाऱ्यांना दोन-दोन कप लागतात हे दिसल्यावर तीही निवळली.

सगळ्यांत मोठा आवाज आप्पाण्णांचा. त्यांच्या करंड्यांतली पानं स्टेशनच्या शेडमध्ये पडून पिवळी पडत होती. "कामावर येत न्हाईत त्यास्नी कायमचं घरला धाडा!" ते ओरडत. "सरकारनं लई लाडावून ठेवलंय."

"आन तुमचा जावय वं?" मास्तरांनी डोळे बारीक करून विचारलं.

"आमचं पोरगं तसलं न्हाय," आप्पाण्णा म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी भूपालचे चुलते पारिसा एसटीनं आले आणि सोप्यात बसून खालच्या आवाजात बोलले. पोरगं पहिल्या दिवसापासून संपात होतं. पोलीस धरपकड करत होते, म्हणून तो घरी झोपत नव्हता. "पर लगनाची तारीख चुकवायचा न्हाय," पारिसा म्हणाले. "मी जबान देतो."

त्या दिवसापासून आप्पाण्णा टपरीकडं फिरकेनात. कुणी जावयाचं विचारलं तर "बेळगावात नोकरीला हाय" एवढंच सांगत. पण गावात गोष्ट लपते कुठं? नोकरी गेली तर पोरीला खायला काय घालणार, मोडा लग्न, असं सांगायला निम्मं गाव येऊन गेलं.

भर म्हणून स्टेशनवरच्या पार्सल क्लार्कचा निरोप आला. रविवारी दुपारी पोलीस पहाऱ्यात एक गाडी काढणार होते. करंड्या तयार ठेवा, आणि जावयाला कामावर हजर व्हायला सांगा, म्हणजे सगळं माफ. रविवार म्हणजे नेमका लग्नाचा दिवस.

"बघितलंस?" आप्पाण्णा बायकोला, कांताबाईंना म्हणाले. "पोराला हजर करतो आन पानं बी धाडतो. समदं जाग्यावर यील."

चुलीपुढची शालन मान वर न करता बोलली, "आप्पा, त्यास्नी न पटता हजर केलासा, तर तसला नवरा घिऊन मी काय करू?"

लेक आपल्यावर गेली आहे ह्याचा आप्पाण्णांना एरवी अभिमान असायचा, त्या दिवशी नुसता राग आला.

रविवारी खासबागेचं वऱ्हाड ट्रकनं आलं. नवरदेवानं बेळगावातच बाशिंग बांधलं होतं. नाक्यावर पोलिसांनी ट्रक थांबवला, पण बाशिंग बांधलेल्या नवरदेवाला खाली उतर म्हणायचा धीर कुणाला होणार? उलट एका शिपायानं खडीसाखर मागून घेतली.

आप्पाण्णांनी भूपालला हाताला धरून गोठ्यात नेलं आणि निरोप सांगितला.

भूपालनं बाशिंग जरा वर सारलं. पोराचे डोळे जागरणानं तांबारले होते. "मामा, इंजिनावर एकदा चढलो की उतरायचं कवा, हे कुणी सांगत न्हाय. दिवस मावळतो, उगावतो, आमी आपलं कोळसा मारतोय." मग दावणीकडं बघून त्यानं विचारलं, "तुमी बैलं किती येळ जुपता?"

"दुपार झाली की सोडतो की. जनावर हाय ते, मरंल न्हवं?"

आपणच काय बोललो ते आप्पाण्णांना जरा उशिरा ऐकू आलं.

मांडवात वेगळाच घोळ चालला होता. गाडीचा पत्ता नाही, मग उपाध्यांनी आपलं घड्याळ पुढं केलं. पाटील म्हणाले ते मागं आहे. मास्तरांनी शाळेचं घड्याळ उचलून आणवलं, तर ते बंद. उन्हं कलायला लागली. जैनाघरचं लग्न, दिवस मावळायच्या आत पंगती उठायला हव्यात, म्हणून आचारी घिरट्या घालू लागला. फाटकाजवळ रवळू गाडीवान ताज्या पानांच्या करंड्या भरून, बैल जुंपून तयार होता.

आणि शिट्टी झाली.

"आली गं बाई, आली!" बायका ओरडल्या. अक्षतांच्या मुठी वर गेल्या. रवळूनं चाबूक उचलला आणि तिथूनच हाळी दिली, "आण्णा, हाणू का ठेसनाकडं?"

आप्पाण्णांनी जावयाकडं बघितलं. बाशिंगाआड तोंड दिसत नव्हतं, पण मुंडावळ्या थरथरत होत्या. ज्या शिट्टीवर सगळ्या गावाची लग्नं लागली, ती आज ह्या पोराला सुरीसारखी लागत होती. शालननं खाली घातलेली मान वर करून बापाकडं रोखून पाहिलं.

"थांबा!" आप्पाण्णा केवढ्यांदा तरी ओरडले. "ह्या शिट्टीवर माझ्या लेकीचं लगीन लागायचं न्हाय!"

मुठी तशाच हवेत राहिल्या. बंदुकवाले शिपाई दारात उभे असलेली गाडी मांडवामागून धडधडत गेली आणि स्टेशनात शिरली.

"मग कशावर लावायचं?" उपाध्ये रडकुंडीला आले होते.

आप्पाण्णांनी आचाऱ्याच्या हातातला झारा हिसकला आणि रिकाम्या पितळी हंड्यावर दणकन हाणला. आवाज फाटकापर्यंत गेला. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, कांताबाई रडल्या.

"रवळू, बैलं सोड," आप्पाण्णा म्हणाले. "आन जेवायला बस."

"आन पानं वं?"

"हितं तोंडं काय कमी हायत?"

मुंबईची पानं त्या दिवशी गावानंच खाल्ली. पंगती उठल्या तशा बायका विडे लावत सुटल्या. मास्तर, भावकू, अंबुबाई, सगळ्यांची तोंडं लालभडक. करंड्या रिकाम्या होताना आप्पाण्णा एकेक मोजत होते, पण हात आखडत नव्हता.

तेवढ्यात संकेश्वरहून आलेले एक लांबचे पाहुणे जवळ सरकले. "जावय काय करत्यात म्हणं?"

टपरीवर ज्यांनी आप्पाण्णांचं तोंड ऐकलं होतं ते सगळे इकडंच बघत होते.

"रेल्वेत फायरमन हाय," आप्पाण्णा म्हणाले, टपरीवर लागायचा त्याच आवाजात. "आन आज संपावर हाय."

एवढं बोलून त्यांनी पाहुण्याच्या हातावर दोन विडे ठेवले.