पुरेसा ताप

आमच्या वेळचे कायदे फार प्रेमळ. पोटातल्या जिवाला कुणी हात लावायचा नाही; अपवाद एकच, आईच्या जिवाला धोका असेल तर. एवढी सोय असून एखादी मेलीच, तर तो तिचा आगाऊपणा.

माझी धाकटी बहीण चिमी पाचव्या महिन्यात असताना तिची पाणमोट फुटून पाणी गेलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाळ काही जगणार नाही. पण ठोके आहेत, तोवर मोकळं करता येणार नाही.

आईने विचारलं, "आणि हिच्या जिवाला धोका?"

"आहे ना. पण अजून पुरेसा नाही."

पुरेसा म्हणजे किती, हे कायद्याने सांगितलं नव्हतं. तुरुंगाच्या धास्तीने डॉक्टरांनी आपलं आपणच ठरवलं होतं, आत जंतू शिरून ताप चांगला सणसणीत चढला पाहिजे. माणूस वाईट नव्हता हो. प्रत्येक फेरीला मोठ्या आशेने थर्मामीटर बघायचा.

आणि आमची आई! लेकराचं अंग तापलं की कपाळावर गार पाण्याच्या घड्या, हे तिच्या हाडात भिनलेलं. ताप चढला की ही घड्या ठेवी. पारा उतरे. डॉक्टर हिरमुसून पुढच्या खाटेकडे वळत. नर्सबाई आईच्या सेवेचं तोंडभरून कौतुक करीत.

लहानपणापासून चिमीच्या जिभेला हाड नव्हतं. दात वाजत असतानाही म्हणाली, "आई, तू मला बरी करून मारणार बघ."

आईचा हात भांड्यातच थांबला. मग तिने फडकं पिळून खाटेच्या दांडीवर टाकलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. चिमी कण्हली की उठायची, पुन्हा बसायची.

ताप चढला. डॉक्टरांचा चेहरा उजळला. पण नियमाने दुसऱ्या डॉक्टरांचंही मत लागायचं, आणि ते जेवायला गेलेले. पोटभर जेवून आले, त्यांनाही धोका पटला. चिमीला आत नेलं तेव्हा जंतूंचं विष अंगभर पसरलं होतं. ती परत आली नाही. बाळाचे ठोके तिच्याआधी थांबले, म्हणजे कायद्याची हरकतही मिटली होती.

आईने डॉक्टरांना एवढंच विचारलं, "मी घड्या ठेवल्या नसत्या तर?"

"तुम्ही सेवा फार छान केलीत," ते म्हणाले. मनापासून म्हणाले.

पुढे माझ्या मुलांना ताप आला की आई उठून अंगणात जाऊन बसायची. घड्या मीच ठेवायची.